वारसा फेरी

वारसा फेरी : एखाद्या परिसरातील वास्तू, वाटा, पाणवठे, खडक, वस्त्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या आठवणी यांची जाणकाराच्या सोबतीने, पायी फिरत व जागोजागी थांबत करून घेतलेली ओळख. शहरांत ‘हेरिटेज वॉक’ हेच नाव जास्त चालते. फेरी साधारणपणे सकाळी लवकर निघते, दोन-तीन तासांत संपते आणि तिच्या प्रत्येक थांब्यावर काही मिनिटांचे निवेदन होते. सभागृहातल्या व्याख्यानात श्रोत्याला वक्त्याच्या शब्दावर विसंबावे लागते. फेरीत भिंत, शिलालेख किंवा ओढा समोरच असल्याने सांगितलेले लगेच पडताळता येते. प्रस्तुत नोंदीत हाच गुण मध्यवर्ती मानला आहे.

उगमाचा प्रश्न : या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत तिला तीर्थयात्रेच्या परंपरेशी जोडते. प्रदक्षिणा, पंचक्रोशी, परिक्रमा यांत ठरलेल्या क्रमाने स्थळे पाहणे आणि त्या त्या स्थळी त्याचे माहात्म्य ऐकणे ही दोन्ही अंगे आहेत. मात्र माहात्म्यात स्थळाचे वर्णन बहुधा पुराणकथेच्या सोयीने येते, त्यामुळे हा धागा फार ताणता येत नाही.

मराठीपुरते पाहिल्यास याहून महत्त्वाचा पुरावा महानुभाव पंथाच्या स्थानपोथीचा आहे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ही नोंदवही. संकलन परंपरेने मुनिव्यासांच्या नावावर आहे. काळ सामान्यतः चौदाव्या शतकाच्या मध्याचा धरतात. तथापि हस्तलिखितांत पुढील काळाची भर पडलेली दिसते, म्हणून संपूर्ण पोथीला एकच तारीख लावणे धोक्याचे आहे. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले, तर अॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्राच्या प्रादेशिक भूगोलाचा अभ्यास करताना महानुभाव साहित्याकडे विशेष लक्ष दिले. पोथीची पद्धत नेमकी आहे. गाव नदीच्या कोणत्या अंगाला, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, त्या दारापासून अमुक जागा कोठे, अशा क्रमाने ती वाचकाला हाताला धरून नेते. मुक्कामाला ‘अवस्थान’, रात्रीच्या वस्तीला ‘वसति’, बसण्याला ‘आसन’, भोजनाला ‘आरोगण’, निद्रेला ‘पहुड’ अशा संज्ञा आहेत. यांतील अनेक स्थाने पुढे ओटे बांधून खुणावली गेली आणि आजही तेथे माथा टेकला जातो. पाहणाऱ्याला नेमक्या जागी उभे करायचे आणि मग येथे काय घडले ते सांगायचे, ही आजच्या निवेदकाचीच रीत. स्थानपोथीपासून आधुनिक फेरीपर्यंत सलग परंपरा मात्र दाखवता येत नाही, त्यामुळे तिला पूर्वज न म्हणता समांतर उदाहरण म्हणणे सुरक्षित.

दुसरे मत पॅट्रिक गेडिस (1854–1932) या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ-नगररचनाकाराकडे बोट दाखवते. एडिंबरोतील ‘आउटलुक टॉवर’ त्यांनी 1892 मध्ये हाती घेतला. वरून शहर व भोवतालचा प्रदेश पाहायचा आणि मग खाली उतरून गल्ल्यांतून हिंडायचे, असा त्यांचा पाठ असे. डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या खोऱ्याचा उभा छेद घेऊन जमीन, व्यवसाय आणि वस्ती यांचा संबंध उलगडण्याची त्यांची रीत सह्याद्री आणि कोकणाला चपखल लागू पडते. 1914 मध्ये ते भारतात आले. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक, पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झालेले गो. स. घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना बसत. नगराचा आराखडा करण्याआधी ते नगर पायी पाहून घेण्यावर त्यांचा कटाक्ष होता. होळकरांच्या इंदूरला काम करताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक स्वच्छ केलेल्या मोहल्ल्यांतून नेण्याची युक्ती काढली आणि त्या ओढीने लोकांनी आपापली घरे-गल्ल्या झाडून काढल्या. रस्त्याने चालण्यातून शहराविषयी आपलेपणा जागा होतो, हा त्यामागचा विचार आजच्या फेऱ्यांनाही लागू आहे.

संघटित, नियमित आणि नगरपालिकेच्या आश्रयाने चालणारी फेरी हा निकष लावला, तर भारतात अहमदाबादचा मान पहिल्या काहींत लागतो. तेथील महानगरपालिकेने क्रूटा फाउंडेशनच्या साहाय्याने 19 नोव्हेंबर 1997 रोजी फेरी सुरू केली. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघून पोळांमधून (जुन्या शहरातील बंदिस्त गल्ल्या-मोहल्ल्यांतून) वाट काढत ती जामा मशिदीपाशी संपते. 2017 मध्ये या जुन्या शहराची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. बॉस्टनचा ‘फ्रीडम ट्रेल’ (1951) हे याहून जुने परदेशी उदाहरण. त्याचा भारतावर थेट परिणाम गृहीत धरण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील घडण : येथे फेरीच्या आधी दुर्गभ्रमंती आली. 1910 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने कागदपत्रांची गोडी लावली, गो. नी. दांडेकरांसारख्या भटक्यांनी गडांची; आणि दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्या व शेते तुडवत सूक्ष्म दगडी हत्यारे, गावदेवता आणि जुने व्यापारी मार्ग यांचा परस्परसंबंध मांडला. घाटमाथ्याजवळची लेणी व्यापारी वाटांशी जोडून पाहण्याची सवय त्यांच्यामुळे दृढ झाली. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने आजच्या मराठी फेरीचे खरे घडवणारे हेच लोक. वारसा-जतनासाठी काम करणारी इंटॅक ही संस्था (1984) आणि मुंबईचा काळा घोडा महोत्सव (1999 पासून) यांनी पुढे तिला शहरी, वास्तुकेंद्री वळण दिले. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीची (1883) निसर्गभ्रमंती हा याला समांतर प्रवाह.

पुण्याच्या फेऱ्या बहुधा कसबा, लालमहाल, शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि मंडई या पट्ट्यात फिरतात. त्यांत नानासाहेब पेशव्यांच्या काळातील कात्रजच्या नळाला अधिक जागा मिळायला हवी. कात्रजच्या तलावातून भुयारी मार्गाने शहरातील हौदांपर्यंत पाणी येई आणि वाटेत हवा बाहेर पडावी म्हणून ‘उच्छ्‌वास’ बांधलेले होते. वाड्यांचे वैभव डोळ्यांत भरते, पण शहर उभे राहिले ते या पाण्यावर.

नाणेघाटाचा थांबा : निवेदनात काय सांगावे आणि काय ‘म्हणतात’ म्हणून सांगावे, हे शिकण्यासाठी जुन्नरच्या पश्चिमेचा नाणेघाट उत्तम. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत आणि त्यावरूनच घाटाला नाव मिळाले, असे प्रत्येक सहलीत ऐकू येते. व्यापारी मार्गावर जकात घेतली जात असणे संभवनीय आहे. रांजणाचा तो उपयोग मात्र लिखित पुराव्याने सिद्ध नाही आणि तो पाण्यासाठी असावा असेही मत आहे.

खाली लेण्यात पुरावा प्रत्यक्ष भिंतीवर आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील सातवाहन राणी नागनिका ऊर्फ नायनिका हिचा दीर्घ लेख असून त्यात यज्ञ आणि गायी, घोडे, हत्ती, कार्षापण (प्राचीन नाणी) यांची दाने मोजून दिली आहेत. भारतातील अंकचिन्हांच्या प्राचीन पुराव्यांत या लेखाची गणना होते. काळाबद्दल मतभेद आहेत. जर्मन अभ्यासक बूह्लर तो इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात नेतात, तर अक्षरवटिकेच्या (अक्षरांच्या वळणाच्या) आधारे पुढील बऱ्याच अभ्यासकांनी इ. स. पू. पहिले शतक पसंत केले आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींचे पुतळे होते. आता वर नावे उरली आहेत (‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’, ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’) आणि खाली काहींची झिजलेली पावले. मधले सगळे शरीर गेले आहे. येथे निवेदकाने थोडा वेळ गप्प राहावे. नाव वाचून पावलांकडे पाहिले की इतर कशाची गरज उरत नाही.

भूरूपाच्या फेऱ्या : निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, कासचे पठार, पुण्याच्या टेकड्या येथे निवेदनाचा मुख्य विषय खडक असतो (बेसाल्ट; कासला त्यावरचा जांभा). लोणारला कालनिर्णय जपून सांगावा लागतो. उल्काघाताने झालेल्या तेथील विवराचे वय तप्तदीप्ती (थर्मोल्युमिनेसन्स) पद्धतीने सुमारे 52,000 वर्षे आले, तर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे 5,70,000 वर्षे. फलकांवर आणि सहलींत अजून पहिलाच आकडा जास्त आढळतो. आघाताने वितळलेल्या खडकाचे थेट मापन म्हणून दुसऱ्याला अधिक वजन द्यावे. चक्रधरांचा लोणारचा मुक्काम लीळाचरित्र या त्यांच्या चरित्रग्रंथात आला आहे, त्यामुळे खडकाची आणि शब्दाची अशा दोन्ही फेऱ्या तेथे एकाच काठावरून निघू शकतात.

2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने महाराष्ट्रातील 11 आणि तमिळनाडूतील जिंजी असे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले. यादीतील या नावातच ‘भूप्रदेश’ आहे. किल्ल्याबरोबर त्याची घाटवाट, पायथ्याची पेठ आणि माथ्यावरची टाकी दाखवणाऱ्या फेऱ्या त्याच्याशी अधिक सुसंगत ठरतात.