मेटफॉर्मिन सुरू केलं आणि पोट बिघडलं

शुगरची गोळी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात पोट बिघडतं आणि ‘ही मला सोसत नाही’ म्हणत काही जण ती परस्पर बंद करतात. गोळी बहुतेक वेळा मेटफॉर्मिनची असते. पॅरिसमध्ये ज्याँ स्टर्न यांनी 1957 मध्ये पुढे आणलेलं हे औषध आजही मधुमेहात बहुतेकदा सर्वांत आधी दिलं जातं.

मळमळ, गॅस, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. रक्तापेक्षा आतड्याच्या भिंतीत हे औषध कितीतरी पटींनी जास्त साठतं. त्यामुळे पित्तातली आम्लं नीट परत शोषली जात नाहीत, मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी ओढतात, हे जुलाबांचं एक संभाव्य कारण. बहुतेकांना हा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला 500 मिलिग्रॅम देऊन डोस हळूहळू वाढवतात. सकाळी नुसत्या चहाबरोबर गोळी घेणाऱ्यांनी ती जेवणासोबत घेऊन पाहावी. तरीही त्रास राहिला तर ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ प्रकाराबद्दल विचारावं. या गोळ्यांतून औषध हळूहळू सुटतं, त्यामुळे त्या चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत. शौचात कधी गोळीसारखं काही दिसलं तर घाबरू नये, ते रिकामं कवच असतं.

घाम फुटून हातपाय थरथरले की दोष मेटफॉर्मिनवर येतो. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. स्ट्रिप उलटून वाचा, एकाच गोळीत ग्लिमेपिराइड हे साखर फार खाली आणू शकणारं दुसरं औषधही असू शकतं.

मला जास्त काळजी वाटते ती न जाणवणाऱ्या परिणामाची. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्यावर नसांना लागणारं बी-12 जीवनसत्त्व कमी शोषलं जातं. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच काय ते मिळतं, म्हणजे मुळातच बेताचं. मग तळपायांना मुंग्या येतात आणि घरचे म्हणतात, शुगरच ती, व्हायचंच. कधी ते खरंही असतं, पण बी-12 ची तपासणी केल्याशिवाय कळणार कसं? कमतरता गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने भरून निघते. मात्र दुखावलेली नस फार उशीर झाल्यास पूर्ण सुधारेलच असं नाही.

लॅक्टिक अॅसिडोसिस, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साचणं, हा गंभीर धोका दुर्मीळ आहे आणि तो मुख्यतः मूत्रपिंडं थकलेल्यांना असतो. रिपोर्टमध्ये ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात ते सांगणारा आकडा) 30 च्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल, किंवा सीटी स्कॅनसाठी शिरेतून डाय देणार असतील, तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं.