पुढे झुकलेले चाक

फ्रेंच चित्रकार एर्नेस्त माँतो याच्या शर्यतींच्या चित्रांत मोटारीची चाके गोल नसतात. ती लंबगोल होऊन पुढे कललेली असतात आणि त्यांच्या मागे धूळ व वेगाच्या रेघा सुटलेल्या असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसमध्ये निघालेली ही चित्रे निम्मी छापाची आणि निम्मी हाताची होती: रेखाटन शिळाछापाने कागदावर उतरे, आणि मग दर रंगासाठी वेगळा कापलेला साचा ठेवून कारागीर प्रत्येक प्रत ब्रशने रंगवत. विषयांना तोटा नव्हता. १९०६ साली ल माँजवळच्या पहिल्या ग्राँप्रीत फेरेन्झ सिसने रेनॉ मोटारीतून दोन दिवसांत सुमारे १,२४० किलोमीटरचे अंतर ताशी १०१ किलोमीटरच्या सरासरीने कापले होते.

धावते चाक डोळ्याला असे कललेले कधीच दिसत नाही. ते तसे दिसते कॅमेऱ्याला. त्या काळच्या वेगवान कॅमेऱ्यांत काचेच्या प्लेटसमोरून एक पडदा सरकत असे आणि त्यातील अरुंद फटीतून प्लेटच्या एकेका पट्ट्यावर क्रमाक्रमाने प्रकाश पडे. प्लेटवरची प्रतिमा उलटी असल्यामुळे फट वरून खाली येताना दृश्याचा तळ आधी टिपला जाई आणि माथा शेवटी. समजा, चाकाच्या तळापासून माथ्यापर्यंत पोहोचायला फटीला १/५० सेकंद लागला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात साधारण ५५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणून चाकाचा माथा तळापेक्षा तितका पुढे उमटतो.

विशीही न गाठलेल्या झाक आंरी लार्तिग याने टिपलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात याहून मौजेचा प्रकार आहे. त्याने मोटारीबरोबर कॅमेराही फिरवला, पण तिच्यापेक्षा हळू. त्यामुळे चौकटीच्या हिशेबाने मोटार पुढे सरकत होती आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक मागे, म्हणून चाक पुढे झुकले आणि स्थिर उभी असलेली माणसे मागे रेलली. हे छायाचित्र गाजले ते १९६३ नंतर. माँतो १९०९ मध्येच वारला होता, तेव्हा त्याने ते पाहिलेले असणे शक्यच नाही.

पडदा उलट्या दिशेने सरकला असता, तर तेच चाक मागे कलले असते, आणि भरधाव मोटार ब्रेक लावल्यासारखी भासली असती.