उतरती फळी की उभी फळी?

मुलाच्या वाढदिवसाला क्रिकेटची सजावट ठरली की घरातल्या घरात खेळता येईल असा एखादा नेमाचा खेळ हवाच असतो, आणि तो करायला घेताना बहुतेक जण फळीला गोल भोक पाडून मोकळे होतात. ती फळी जमिनीवर उतरती ठेवायची की भिंतीशी उभी करायची, हा विचार मागाहून होतो. वास्तविक हे दोन निराळे खेळ आहेत. त्यांत सारखे आहे ते केवळ भोक.

उतरत्या फळीचा खेळ अमेरिकेत कॉर्नहोल या नावाने खेळला जातो. अशाच एका खेळाचे पेटंट तिथे १८८३ मध्ये दिले गेले, तेही दिवाणखान्यातला खेळ म्हणून. आजची प्रमाण फळी ४ फूट लांब व २ फूट रुंद असते, तिची मागची कड जमिनीपासून १ फूट उंच असते आणि भोकाचा व्यास ६ इंच असतो. दुरून फेकलेली दाण्यांची छोटी पिशवी भोकात गेली तर ३ गुण आणि नुसती फळीवर टिकली तर १ गुण मिळतो. हा एक गुणच या खेळाचा प्राण आहे, कारण थोडक्यात हुकलेली फेकही वाया जात नाही आणि फळीवर थांबलेली पिशवी पुढच्या फेकीच्या धक्क्याने आत सरकू शकते. उभ्या फळीवर असे काही घडत नाही. तिथे नेम लागतो किंवा हुकतो. म्हणून उभ्या फळीला एकच भोक न ठेवता लहानमोठी चार-पाच भोके पाडून त्यांवर १, २, ४ आणि ६ धावा लिहाव्यात, म्हणजे सर्वांत लहान भोक षटकाराचे होते.

खरा फरक फेकीत आहे. घरासाठी १२ सेंटिमीटर व्यासाचे भोक धरू. उतरत्या फळीचा उतार साधारण १० अंशांचा असतो. उंच फेकलेली पिशवी ४५ अंशांत खाली येते तेव्हा तिला ते भोक जवळजवळ १० सेंटिमीटर उंचीचे मिळते. तीच पिशवी सपाट, १५ अंशांत आली तर जेमतेम ५ सेंटिमीटर. उभ्या फळीवर हिशेब उलटतो: सपाट फेकीला साडेअकरा सेंटिमीटर, उंच फेकीला साडेआठ. एका फळीवर हात बसलेले मूल दुसरीवर चुकते, ते यामुळे. त्याला ‘नीट बघून टाक’ असे सांगून उपयोग नाही. ‘वरून टाक’ किंवा ‘सरळ टाक’ असे सांगावे.

फेकायची वस्तूही बदलते. चेंडू उतरत्या फळीवर ठरत नाही, घरंगळतो. तिथे पिशवीच हवी. जुन्या जीन्सचे किंवा मांजरपाटाचे १० सेंटिमीटरचे चौकोन दुहेरी टीप घालून शिवावेत आणि त्यांत राजमा, चवळी किंवा चिंचोके भरावेत. पिशवी गच्च भरू नये. पाऊण भरलेली पिशवी पडताच पसरते आणि जागीच बसते. ठासून भरलेली पिशवी उसळते. कडधान्य आधी चांगले उन्हात वाळवावे, नाही तर पुढच्या वर्षी पिशवीतून भुंगे निघतात. उभ्या फळीला मऊ प्लास्टिकचा किंवा मोज्यांचा गुंडाळलेला चेंडू उत्तम, आणि मागे चादर टांगली की तो पलंगाखाली पळत नाही.

उभी फळी मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्याची केली तरी चालते. उतरतीला मात्र प्लायवुडच घ्यावे, कारण पुठ्ठा पिशव्यांच्या वजनाने मधोमध वाकतो आणि सगळ्या पिशव्या त्या खळग्यात जमतात. भोकाची कड पॉलिश पेपरने घासून घ्यावी, आणि फरशीवर फळी मागे सरकते म्हणून खाली रबरी पायपुसणे घालावे.

पाहुण्यांत पाच-सहा वर्षांचीच मुले असतील तर मी उभी फळी करेन, कारण सरळ फेक त्यांना आपसूक येते. वयाने लहानमोठी मुले एकत्र येणार असतील तर उतरती, आणि मोठ्यांसाठी तीन मीटरवर व लहानांसाठी दीड मीटरवर रंगीत चिकटपट्टीच्या दोन रेघा.