शिऱ्यातले बेदाणे, पोह्यांवरचा कांदा: कुत्रा पाळणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून खाद्य, पट्टे, शाम्पू नेणाऱ्या सगळ्यांसाठी हा कागद. इंदूरच्या मराठी घरांत कुत्रा म्हणजे घरातलंच माणूस, त्यामुळे ताटातलं काही ना काही त्याच्या तोंडी जातंच. साधी पोळी, मोकळा भात, उकडलेलं अंडं खुशाल द्या. आमची पाकिटं खपावीत म्हणून हे लिहिलेलं नाही.

सगळ्यात जपायचं ते बेदाण्यांपासून. सत्यनारायणाचा शिरा 'प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं' म्हणून हमखास दिला जातो. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा मूठभर पचवतो, एखाद्याला थोडेसेही भोवतात, आणि आपला कुत्रा कोणता हे आधी कळायला मार्ग नाही. बेदाणे वेचून शिरा देण्यातही अर्थ नाही, एखादा राहतोच. संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचगुळाच्या आमटीत कालवलेला भातही नको.

मग कांदा. सकाळी पोह्यांचा कागद खाली ठेवला की त्यावरचा कांदा, शेव सगळं चाटून साफ! कांद्या-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, तळून किंवा पूड करूनही तो गुण जात नाही. किलोमागे 15 ग्रॅम कांदा अपाय करू शकतो, म्हणजे 8 किलोच्या पग जातीच्या कुत्र्याला 120 ग्रॅम, एक मोठा कांदा. लसूण त्याहून जहाल. त्रास बहुधा काही दिवसांनी दिसतो: हिरड्या फिकट, लघवी लालसर, कुत्रा मलूल. तोवर पोहे कोणाच्या लक्षात असतात?

चॉकलेट वाईट हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. जितकं काळं, तितकं घातक. शुगर-फ्री च्युइंगमबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्यात साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलने अर्ध्या तासातही कुत्र्याच्या रक्तातली साखर घसरून झटके येऊ शकतात. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचाच.

पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस झाला की उरलेली कणसं, उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी: विष नाही, पण आतड्यात अडकल्या की थेट ऑपरेशन. शिजलेली हाडंही नकोत, तडकून त्यांची टोकं टोचतात.

असं काही खाल्लंच तर 'बघू संध्याकाळपर्यंत' म्हणू नका. काय, किती, केव्हा खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं लगेच पशुवैद्यांना फोनवर सांगा. वेष्टन सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते मीठच जिवावर बेततं. रात्री-अपरात्री कुणाकडे जायचं हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्याच्या वेळाही माहीत करून घ्या.

वजन ठाऊक नसेल तर त्याला दुकानात घेऊन या. काटा दारातच आहे, पैसे पडत नाहीत.