ब्रूडरमधल्या पिल्लांचं खाणं आणि चोच मारणं

ब्रूडर म्हणजे कोंबडीच्या नवजात पिल्लांना आईविना ऊब द्यायची जागा, मग ती शेडमध्ये पत्र्याचा गोल कठडा, म्हणजे चिक गार्ड लावून केलेली असो नाहीतर घरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर बल्ब टांगून. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. ऊबेचं गणित सगळे सांगतात, पण पिल्लू खायला कसं शिकतं हे फारसं कोणी सांगत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे.

२१ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं तेव्हा अंड्यातला उरलेला बलक त्याच्या पोटात गेलेला असतो आणि त्यावर ते दोन दिवस तरी निभावतं, म्हणूनच हॅचरीवाले, म्हणजे यंत्रात अंडी उबवणारे, पिल्लं खोक्यात भरून लांबच्या गावी पाठवू शकतात. अर्थात म्हणून खाद्य उशिरा द्यावं असं नाही, लवकर पोटात गेलं की आतड्यांची वाढ चांगली होते.

चोच मारणं उपजत असतं, पण खायचं काय हे मात्र शिकावं लागतं. बारीक, गोलसर, उठून दिसणारं काहीही दिसलं की चोच मारलीच, मग दाणा असो, खडा असो, भाताचं तूस असो की शेजाऱ्याच्या पायाचं बोट. नेम आधी कच्चा असतो, तीन-चार दिवसांत सुधारतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एकहार्ड हेस यांनी पिल्लांना चक्क प्रिझमचे चष्मे लावले, त्यातून दाणा बाजूला सरकलेला दिसायचा, तर काही दिवसांनी चोची एकाच ठिकाणी पडायला लागल्या पण ते ठिकाण चुकीचंच राहिलं! म्हणजे नेम वयाबरोबर आपोआप पक्का होतो, चुकून शिकून नाही, असं हेस यांचं म्हणणं. चवीचं मात्र उलटं आहे, कडू लावलेल्या मण्यावर एकदा चोच मारली की पिल्लू डोकं झटकतं आणि दुसऱ्या दिवशीही तसल्या मण्याच्या वाटेला जात नाही. ब्रिटनमध्ये मेंदूचे अभ्यासक स्टीव्हन रोझ यांनी स्मरणशक्तीच्या अभ्यासात हीच युक्ती वापरली. अजून एक, खड्यांतून दाणे वेचताना उजवा डोळा जास्त कामाला येतो, कारण अंड्यात तोच डोळा कवचाकडे असतो आणि त्याला उजेड मिळतो.

आई असली की ती कुक् कुक् करत दाणा उचलते, टाकते, पिल्लं धावतात. ब्रूडरमध्ये हे काम आपलं, कागदावर बोटाने टकटक केलं की बघायला येतातच. एकाने किडा नाहीतर दोरा उचलून पळ काढला की बाकीची सगळी त्याच्या मागे, मग तो खाण्यासारखा असो नसो. पाणी मात्र पटकन कळत नाही म्हणून पहिल्यांदा चोच बुडवून दाखवतात, आणि ड्रिंकरच्या कडेत गोट्या टाकतात, त्या चमकतात म्हणून पिल्लं चोच मारतात आणि बुडतही नाहीत.

पहिल्या दिवशी ब्रूडरमध्ये खाली पसरलेल्या तुसावर कागद अंथरून त्यावर मक्याचा भरडा किंवा चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, पसरतात, नाहीतर ती तूसच खात बसतात. गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. रात्री गळ्याखालची पिशवी चाचपून बघायची, मऊ भरलेली हवी, कडक लागली तर पाणी कमी पडतंय.

गर्दी, उकाडा किंवा भगभगीत उजेड असला की हीच चोच एकमेकांवर चालते, आणि एकदा रक्त दिसलं की थांबत नाही. अशा वेळी जखमी पिल्लू आधी वेगळं काढायचं, जागा वाढवायची, बल्ब वर घ्यायचा. आठवडाभराची झाली की मेथी-कोथिंबिरीची छोटी जुडी टांगली तरी बराच वेळ तिच्यातच जातो, मात्र पाला द्यायचा तर सोबत खायला बारीक खडीही ठेवायची.