डिस्क ब्रेक ‘टाइट’ होत नसतो

पुण्यातल्या कुठल्याही टू-व्हीलर गॅरेजात थोडा वेळ थांबा, कोणीतरी म्हणणारच, “पुढचा डिस्क लूज वाटतोय, जरा टाइट करून द्या.” ही ड्रम ब्रेकची सवय. तिथे रॉडच्या टोकाला नट असतो, तो फिरवला की झालं. हायड्रॉलिक डिस्कला असा नटच नसतो. तरी डिस्कला घासणारे पॅड निम्मे झिजले तरी लिव्हर पहिल्याइतक्याच अंतरावर लागतो. तो कसा?

ही करामत एका रबरी सीलची. डिस्कवर बसलेल्या, पॅड धरणाऱ्या कॅलिपरमधल्या खाचेत, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवती, चौकोनी छेदाची ही रिंग घट्ट बसलेली असते. लिव्हर दाबला की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे जातो. सीलची आतली कड त्याला चिकटून पुढे ओढली जाते, बाहेरची खाचेत अडकून राहते, म्हणजे रबर तिरकं होतं. दाब गेला की ते सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. स्प्रिंग वगैरे काही नाही, एवढंच! पॅड झिजलं, की पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं. रबराची तिरकं व्हायची हद्द संपते आणि पिस्टन त्यातून घसरून पुढे सरकतो. परतताना मात्र रबर त्याला पूर्वीएवढंच मागे खेचतं. पॅड आणि डिस्कमधली फट कायम तेवढीच.

पुढे सरकलेल्या पिस्टनमागची जागा तेल भरतं, म्हणून हँडलवरच्या ब्रेक-तेलाच्या डबीतली पातळी उतरते. गळती दिसत नसेल, तर टॉप-अपआधी पॅड बघा. नाहीतर नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला, की वाढीव तेल उतू जाऊन पेट्रोलच्या टाकीचा रंग खातं.

पावसाळ्यातल्या चिखलाने पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या, तर चाक जड फिरतं, डिस्क तापते. कॅलिपर खोलून साफ करावा, पण पेट्रोलने नव्हे. डॉट ३, डॉट ४ या प्रतींच्या ब्रेक-तेलासाठीचं रबर पेट्रोल, डिझेल, साध्या ग्रीसने फुगतं, आणि फुगलेलं सील पिस्टन सोडत नाही. सील नवं घालून त्याला ब्रेकचंच तेल लावायचं.

लिव्हर स्पंजी आहे, पण दोन-तीनदा दाबल्यावर टणक होतो? लाइनमध्ये हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा. दाबून धरला तरी हळूहळू हँडलपर्यंत जातो आणि बाहेर गळती नाही? मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हरजवळच्या तेल ढकलणाऱ्या पंपाचं, सील गेलं. सिंहगड उतरताना मऊ पडला, तर तेल उकळून वाफ झालेली असू शकते. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण ते हवेतली ओल शोषतं. पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं, की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. हँडलला लिंबू-मिरची दर शनिवारी नवी बांधणारे हे तेल मात्र वर्षानुवर्षं बदलत नाहीत. साधारण दोन वर्षांनी बदलावं.

लिव्हर टणक आणि गाडी तरी थांबत नाही, तर पॅडला तेल लागलेलं असू शकतं. वॉशिंगवाल्याने टायरवर पॉलिश मारताना डिस्कवर उडवलं, की हेच होतं. डिस्क ‘ब्रेक क्लीनर’ने पुसता येते, पण तेल मुरलेले पॅड घासून सुधारत नाहीत, नवेच घालावे लागतात.