लाल केमो, हृदय आणि हाकेला धावून आलेल्या पेशी

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध शिरेतून द्यायला सुरुवात झाली की नळी लालभडक दिसते, म्हणून पेशंट आणि नातेवाईक त्याला ‘लाल केमो’च म्हणतात. इटलीतल्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूच्या कुळातून हे औषध आलं आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं ‘ॲड्रियामायसिन’ हे नाव पडलं. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), सार्कोमा (हाडं, स्नायू अशा ऊतींचा कर्करोग), मुलांचा रक्ताचा कर्करोग अशा अनेक आजारांत आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. मात्र ते हृदयाला बाधतं, आणि किती बाधेल हे बरंचसं एकूण डोसवर ठरतं.

डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने देतात. स्तनाच्या कर्करोगात नेहमी दिलं जाणारं प्रमाण दर चौरस मीटरला 60 मि.ग्रॅ., दर तीन आठवड्यांनी, चार वेळा. म्हणजे 1.5 चौ.मी. पृष्ठभाग असलेल्या बाईला एका सायकलला, म्हणजे एका फेरीला, 90 मि.ग्रॅ. बसतात आणि चार सायकलची बेरीज दर चौ.मी.ला 240 होते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ही बेरीज 400 पर्यंत गेलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के रुग्णांचं हृदय निकामी व्हायला लागलं होतं. 550 ला हेच प्रमाण 26 टक्के होतं आणि 700 ला 48. कमी डोसला धोका कमी असतो, शून्य नसतो.

हृदयात नेमकं बिघडतं काय? डीएनएचे पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. डॉक्सोरुबिसिन त्याला जागीच अडकवतं आणि डीएनए तुटतो. गाठीच्या पेशी यानेच मरतात. हृदयाच्या स्नायूपेशींत याच विकराचा ‘बीटा’ प्रकार असतो. तो काढून टाकलेल्या उंदरांचं हृदय बरंचसं बचावतं, हे 2012 मध्ये दिसलं. त्याशिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाही खराब होतात. पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. औषध शरीरातून काही दिवसांत निघून जातं, हृदय मात्र त्यानंतर कित्येक महिने खचत राहतं. मधल्या काळात काय चालू असतं, याचं बरंचसं उत्तर प्रतिकार पेशींत आहे.

निरोगी हृदयातही प्रतिकार पेशी कायम मुक्कामाला असतात. त्यातल्या मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशींचं काम घरातल्या झाडलोटीसारखं आहे. स्नायूपेशी दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावते. त्यात झिजलेल्या मायटोकॉन्ड्रिया ती छोट्या पिशव्यांत बांधून बाहेर टाकते आणि शेजारची भक्षक पेशी त्या गिळते. उंदरांतल्या या पेशी नष्ट केल्या तर कचरा साचतो आणि हृदयाचं काम ढासळतं. डॉक्सोरुबिसिनने कचरा एकदम वाढतो, शिवाय फुटलेल्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पेशीत सांडतो. पेशीला तो विषाणूच्या डीएनएसारखा वाटतो आणि ती धोक्याची हाक देते. त्या हाकेवर रक्तातून नव्या पेशी येतात. त्या झाडलोट करायला आलेल्या नसतात, लढायला आलेल्या असतात.

सगळ्यात लक्ष वेधून घेणारा धागा सीडी-8 टी-पेशींचा आहे. विषाणूबाधित किंवा कर्करोगी पेशींना मारणं हे त्यांचं काम. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने 2024 मध्ये दाखवलं, की डॉक्सोरुबिसिन दिलेल्या उंदरांच्या हृदयात या पेशी घुसतात आणि त्या काढून टाकल्या तर हृदयात तंतूंचं जाळं कमी होतं व पंपिंग सुधारतं. औषधामुळे हृदयातल्या फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर आयकॅम-1 हे चिकट प्रथिन उगवतं. टी-पेशी तिथे चिकटते आणि अंगाला अंग भिडल्यावरच ग्रॅन्झाइम-बी हे मारक विकर सोडते. फायब्रोब्लास्टचं रूप बदलतं, आणि लवचीक स्नायूच्या जागी ताठ व्रण तयार होतो. माणसांतही खूण सापडली: या टी-पेशींना बोलावणाऱ्या सीएक्ससीएल-9 आणि 10 या रेणूंचं रक्तातलं प्रमाण जितकं जास्त, तितकं पंपिंग कमी. मात्र ते उंदीर गाठ नसलेले होते. कर्करोग असलेल्या शरीरात प्रतिकारशक्तीचा तोल वेगळा असतो, म्हणून उंदरांवरून थेट रुग्णापर्यंत उडी मारू नये.

मग स्टिरॉइड देऊन या पेशींना गप्प का करत नाहीत? कारण गाठ मारायलाही त्याच लागतात. डॉक्सोरुबिसिनने मरणारी कर्करोगी पेशी मरता मरता टी-पेशींना सावध करते आणि औषधाचा काही परिणाम यातूनच होतो. सरसकट प्रतिकारशक्ती दाबली तर हृदय वाचवताना गाठीलाच अभय मिळायचं. म्हणून हृदयाच्या दारापुरती वाट अडवणं हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. आयकॅम किंवा सीएक्ससीएल रोखणं अजून प्रयोगशाळेतच आहे.

आज हाताशी असलेले उपाय साधे आहेत. डेक्सराझॉक्सेन हे औषध डॉक्सोरुबिसिनच्या दसपट प्रमाणात त्याच्या आधी देतात. ते विकराच्या पातळीवरच नुकसान कमी करतं. जखमच कमी झाली तर हाकही कमी जाईल. पण ते प्रत्येकाला देत नाहीत, जास्त धोका असलेल्यांसाठी राखतात. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांबद्दल निकाल उलटसुलट आहेत. 2023 मध्ये 300 लिम्फोमा रुग्णांना ॲटोर्वास्टॅटिन 40 मि.ग्रॅ. किंवा नकली गोळी वर्षभर दिली, तेव्हा पंपिंगची ठळक घसरण 9 विरुद्ध 22 टक्के रुग्णांत दिसली. त्याआधीच्या दुसऱ्या चाचणीत, जिथे बहुतेक स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण होत्या, फरक आढळला नाही.

तपासणीत पहिल्या सायकलआधीचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नये, कारण तुलना त्याच्याशीच होते. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं तो आकडा, 10 अंकांनी उतरून 50 च्या खाली गेलं तर डॉक्टर औषध चालू ठेवायचं का, याचा फेरविचार करतात. त्याआधीच हृदयाचा स्नायू किती आखडतो हे सांगणारा ‘स्ट्रेन’ हा इकोतला आकडा हलतो. 20 चा 16 झाला, म्हणजे मूळच्या 15 टक्क्यांहून जास्त घसरला, की सावध व्हायचं. इको शक्यतो त्याच मशीनवर करावा, नाहीतर मशीनचा फरक हृदयाचा समजला जातो. रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रथिन हृदयाची स्नायूपेशी तुटल्याचं सांगतं, पण ती कोणी तोडली, औषधाने की टी-पेशीने, हे त्यातून कळत नाही.

बहुतेक घसरण उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात दिसते, म्हणून त्या वर्षातला इको टाळू नये. लहानपणी लाल केमो घेतलेल्यांत ती दशकांनीही येऊ शकते. डिस्चार्ज कार्डावर डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस दर चौ.मी.ला किती झाला, हा आकडा लिहून घ्यावा आणि कार्ड जपून ठेवावं. वीस वर्षांनी दम लागला, तर नव्या डॉक्टरला तोच आकडा आधी लागेल.